पाहुणा आलाय

त्या दिवशी सकाळी दात घासता घासता पॉलिशवाला बायकोला म्हणाला, "अकरा झाले गं." ती डबा भरत होती. मागे न बघताच म्हणाली, "मोजू नका हो, नजर लागेल." मग दोघंही हसली. त्या घरात दोघांनी मिळून हसल्याला बरीच वर्षं झाली होती.

अकरा दिवस त्याने दारूला हात लावला नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "यकृत जेमतेम तग धरून आहे. पुन्हा प्यालात तर माझ्याकडे औषध नाही. तलफ येईल, येणारच. पण ती बहुतेक वेळा वीसेक मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ उपाशी राहू नका, एकटे राहू नका, आणि कुणाला तरी तोंडाने बोलून दाखवा."

बोलून दाखवायचं, पण कसं? घर दोन खोल्यांचं आणि पलीकडच्या खोलीत त्याची आई. तो लाकडी सामानाला पॉलिश करायचा. लाख विरघळवायची ती स्पिरिटमध्ये, त्यामुळे कपड्यांना कायम वास. आई चार बायकांत छातीठोकपणे सांगायची, "माझा मुलगा थेंबाला शिवत नाही. वास येतो तो त्याच्या धंद्याचा." इतकी वर्षं या एका वाक्याच्या आड तो प्यायला होता. आता सोडतोय हे आईला सांगायचं, तर पीत होतो हेही सांगावं लागणार! तेव्हा नवराबायकोने दवाखान्यातून आणलेल्या गोळ्यांना पित्ताच्या गोळ्या म्हटलं आणि तलफेला नाव ठेवलं पाहुणा.

"पाहुणा आलाय," असा दुपारी फोन यायचा. बायको पाळणाघरात मुलं सांभाळायची. कडेवरचं मूल सावरत ती विचारायची, "कुठे बसलाय?"

"छातीवर."

"चहा-बिहा विचारू नका त्याला. पाणी प्या, शेंगदाणे खा, नि माझ्याशी बोला. आमच्याकडे आज एकीने दुसरीचं नाक चावलं." असं काहीबाही बोलत वीस मिनिटं जायची. मग तो म्हणायचा, "गेला गं. चपलासुद्धा न घालता पळाला." कधी कधी फोन ठेवल्यावर ती रडायची, पण ते त्याला कळू द्यायची नाही.

त्याच दिवशी, म्हणजे बाराव्या दिवशी, कारखान्यात एका मोठ्या जेवणाच्या टेबलावर पॉलिशचा शेवटचा हात फिरवायचा होता. आणि या कारखान्याची एक पद्धत होती. माल पुरा झाला की मालक बाटली उघडायचा आणि पहिला ग्लास द्यायचा तो शेवटचा हात फिरवणाऱ्याला. मानाचा ग्लास! नाही म्हणणं म्हणजे मालकाचा, सुताराचा, त्या टेबलाचासुद्धा अपमान. कुणी घालून दिली ही रीत, कुणास ठाऊक. आपल्याकडे माणसाला विष पाजायचं असलं तरी त्याला मान हे नाव दिलं की झालं.

चार वाजले. कापसाचा बोळा तो एकाच जागी फिरवत राहिला. स्पिरिटचा वास नाकातून थेट डोक्यात शिरला. तोंड कोरडं पडलं, शर्ट पाठीला चिकटला. कोपऱ्यात सुतार ग्लास विसळत होता. पॉलिशवाला बोळा ठेवून मागच्या अंगणात गेला, घटाघटा पाणी प्यायला आणि त्याने फोन लावला. फोन उचलल्याबरोबर तो म्हणाला, "पाहुणा आलाय. आज लवकर जाईलसं वाटत नाही."

"अरे बाळा, मग बसव की त्याला!"

आई होती. बायको गडबडीत फोन चार्जिंगला लावून तशीच कामावर गेली होती.

"कोण आलंय रे?"

"जुना ओळखीचा आहे, आई."

"मग तसाच कोरडा नको पाठवूस. कामाचं निमित्त सांगून माणसं तोडू नयेत. घोटभर काहीतरी घ्या दोघं मिळून."

बिचारी चहाचं म्हणत होती. त्याच्या ओठांवर आलं होतं, आई, मला दारू हवीय, मला धरून ठेव, नुसती बोलत राहा माझ्याशी. दहा-बारा शब्द होते. तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

आत मालक ग्लास घेऊन उभाच होता. "अरे, कुठे गायब? घे!"

"नको मालक. पित्त झालंय."

"पित्तावर हाच उतारा! एकाने काय होतंय?"

"घे रे, भाव नको खाऊस," सुतार म्हणाला. सगळे हसले. त्यांच्यात दुष्ट कुणीच नव्हतं हो, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. त्याने ग्लास घेतला.

एकाने थांबलं नाही. चार दिवस तो पीत राहिला. बायकोने पाय धरले, तोही तिचे पाय धरून रडला आणि पुन्हा प्यायला. पाचव्या दिवशी दुपारी रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात पोचेपर्यंत तो शुद्धीत होता. "तुझा काही दोष नाही गं," एवढंच बायकोला म्हणाला. संध्याकाळच्या आत संपलं.

आईला काय सांगायचं? काही सांगायचं नाही, असं बायकोने ठरवलं होतं. पण तिसऱ्या दिवशी म्हातारीने विचारलं, "त्या दिवशी त्याच्याकडे पाहुणा आला होता बघ. त्याला कळवलंस का गं?"

बायकोचा बांध फुटला. तिने सगळं सांगितलं. पाहुणा म्हणजे कोण, गोळ्या कसल्या, फोन कशासाठी होता.

म्हातारी म्हणाली, "म्हणजे मीच म्हटलं त्याला, घे म्हणून."

"आई, तुम्हाला माहीत नव्हतं."

"वास मला येत होता गं. आईला कळत नाही होय? मीच धंद्याचा म्हणत होते. तसं म्हटलं नसतं, तर तो माझ्याशी बोलला असता."

दुसऱ्या दिवशी मालक कारखान्यातली माणसं घेऊन भेटायला आला. खोली भरली. शेजारीपाजारीही होते. मालक घसा खाकरून म्हणाला, "सोन्यासारखा माणूस. पित्ताने असा अचानक..."

"पित्ताने नाही," म्हातारी म्हणाली. "माझा मुलगा दारूने गेला. सोडत होता. बारावा दिवस होता त्याचा. तुम्ही ग्लास दिलात नि मी घे म्हटलं. आता खोटं बोलायचं नाही या घरात."

मालकाने मान खाली घातली. सुनेने सासूचा हात घट्ट धरला.

म्हातारीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "तुमच्यात अजून कोण सोडायला बघतंय? सांगा. इथे कुणी हसणार नाही."

वाचकहो, त्या खोलीत तुम्ही असता, तर तुम्हीही खालीच बघितलं असतंत. मग दारापाशी बसलेला सुतार खालच्या आवाजात म्हणाला, "मी, मावशी. आज तिसरा दिवस. घरी अजून सांगितलं नाही."

"आई आहे तुला?"

"आहे."

"मग ऊठ," म्हातारी म्हणाली. "इथे बसू नकोस. आत्ता घरी जा आणि तिला सांग."