थर्मासातला केल्विन

फाटकापाशी बूट घासल्याशिवाय कुणीही रानात पाऊल टाकायचं नाही, हा नियम केल्विननंच घालून दिला होता. तळव्याची माती ब्रशनं काढायची, वर स्पिरिट फवारायचं, कारण मुळं कुजवणारी बुरशी बुटांवर बसूनच प्रवास करते. त्या शनिवारी त्याची मुलगी रोवेना बूट घासत होती आणि केल्विन तिच्या पाठीवरच्या पिशवीत होता. थर्मासमध्ये.

त्याला जाऊन सात आठवडे झाले होते. दवाखान्यात त्यानं तिच्याकडून एकच वचन घेतलं: मला पठारावर, वाळूतल्या त्या रेघोट्या उमटलेल्या खोडाच्या निलगिरीखाली विखर. राखीव रानात असं करायला परवानगी नाही, हे तिनं सांगून पाहिलं. तर म्हणाला, चहा म्हणून घेऊन जा.

अडचण ग्लेनिसची होती. झाडांच्या मोजणीत केल्विन आणि ग्लेनिस तीस वर्षं जोडीदार होते आणि तीस वर्षं भांडत होते. त्याचा जीव पठारावरच्या रानात, जिथं पांढऱ्या वाळूत बँक्सियाची झुडपं आणि खुरट्या निलगिरी जवळजवळ उपाशीपोटी शंभर वर्षं काढतात. तिचा खालच्या घळीतल्या वर्षावनात, जिथं काळी सकस माती, नेचे, वेली आणि जळवा. तो तिच्या रानाला कोशिंबीर म्हणायचा. ती त्याच्या रानाला खराटा म्हणायची. आता त्याच्या जागी रोवेना मोजणीची दोरी धरायला आली होती, आणि ग्लेनिसची पाठ वळायची वाट पाहत होती.

पाठ काही वळली नाही. दहा वाजता पठारावर दोरीनं आखलेला चौकोन मोजून झाला तशी ग्लेनिस खडकावर टेकली आणि तिनं कप पुढे केला. चहा निवलाय, असं रोवेना म्हणाली. निवलेला चालतो, असं म्हणून ग्लेनिसनं थर्मास उचललाही. हातात तोलला. कानाशी नेऊन हलकेच हलवला.

"दूध घातलंयस?"

"नाही."

"बरं केलंस. त्याला चालायचं नाही."

तिनं थर्मास दोघींच्या मध्ये ठेवला, जपून, सरळ. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पण इथं तो जाणार नाही, पोरी."

"नियम माहीत आहे मला."

"नियम गेला खड्ड्यात. हाडांची राख आहे ती. नुसता फॉस्फरस. मी इथं संत्र्याची साल टाकली म्हणून तुझ्या बापानं दोन महिने माझ्याशी अबोला धरला होता. आणि आता स्वतः दोन किलो खत होऊन येतोय."

रोवेनाला हे ठाऊक होतं. ती नऊ वर्षांची असताना याच वाळूत उकिडवं बसून त्यानं तिला सांगितलं होतं, की ही झाडं उपासानं नाही, खायला घातल्यानं मरतात. आधी बँक्सिया पिवळी पडते, मग तण घुसतं. हे तिनं सात आठवडे स्वतःला आठवू दिलं नव्हतं. वचन पाळावं तर त्याची झाडं जाणार, झाडं राखावीत तर त्याचा शेवटचा शब्द.

"मग कुठं?" तिनं विचारलं.

ग्लेनिस घळीकडे पाहत होती. हसू लपवायचा तिनं फारसा प्रयत्न केला नाही.

"कोशिंबिरीत?" रोवेना म्हणाली. "तो मला कधी माफ करणार नाही."

"तुला करेल. मला नाही."

दोघी खाली उतरल्या. काळ्या मातीत एका उंच नेच्याच्या बुंध्याशी रोवेनानं झाकण उघडलं आणि हळूहळू सगळं ओतलं. वरून पालापाचोळा सारला. तिच्या घोट्यावर एक जळू चढत होती, तिला तिनं चढू दिलं. ग्लेनिस पाठमोरी उभी राहून नेचे मोजत होती. एकच झुबका तिनं चार वेळा मोजला.

मग तिनं मोजणीचा तक्ता भरायला घेतला. शेवटचा रकाना होता, अलीकडचा मानवी हस्तक्षेप. त्यात तिनं लिहिलं, किरकोळ.

रोवेनानं तिच्या हातातून पेन्सिल काढून घेतली, तो शब्द खोडला आणि शेजारी लिहिलं, भरपूर.