प्रियांकाच्या टीव्हीवर दिसेल अशी सीडी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कुवेतमधल्या अहमदी गावात, तेल कंपनीच्या एका बैठ्या घरात, कपाटाशेजारी चादर पांघरून उभा असतो. माझा पांढरा रंग आता पिवळट झाला आहे. पण एके काळी या घरात माझी केवढी ऐट होती!

२००४ साली हवल्लीच्या बाजारात अशरफ नावाच्या कारागिराने माझे भाग जोडले. मूळचे नाशिकचे इंजिनिअर परीक्षितसाहेब मला घरी घेऊन आले आणि त्यांच्या पत्नी लीनाताईंनी मला हळदकुंकू लावले. कॅमेऱ्यातले चित्रण सीडीवर उतरवून देणे हे माझे मुख्य काम. कुणाचे बारसे, कुणाच्या मुलीचा नाच, सगळे माझ्याकडे यायचे.

ते काम कसे चालते, सांगतो. सुट्टीला गावी निघालेला माणूस बॅग भरतो, वजन करतो आणि जड झाली की सगळे उपसून पुन्हा बसवतो. चित्रणाचेही तसेच. कॅमेऱ्यातली फाइल ऐसपैस असते, ती सीडीवर मावत नाही. शिवाय प्रत्येक प्लेअरला ठरावीक पद्धतीने भरलेलीच बॅग उघडता येते. म्हणून मी एकेक चित्र तपासायचो, काय ठेवायचे आणि काय गाळायचे ते ठरवायचो आणि सगळी फाइल नव्याने बांधायचो. घाई करून भागत नसे.

एकदा कोकणातले सुतार गणपतकाका घराची दारे दुरुस्त करायला आले. कुवेतमधल्याच जलीब वस्तीत एका खोलीत ते गाववाल्यांबरोबर राहत. ते कुवेतला आले तेव्हा त्यांची लेक प्रियांका जन्मालाही आली नव्हती. आता ती घरभर धावत होती आणि काका गणपतीला पहिल्यांदाच घरी जाणार होते.

"साहेब, पोर मला वळकायची न्हाय," ते म्हणाले.

सोबतचा गाववाला तुकाराम हसला. "माझा पोरगा तर सुट्टी संपेस्तवर मला 'ओ पावणं' म्हनत व्हता!"

गणपतकाका हसले नाहीत.

लेकीला बाबांचा चेहरा आधीच ओळखीचा व्हावा म्हणून परीक्षितसाहेबांनी लगेच कॅमेरा लावला. काका गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले आणि खाकरून म्हणाले, "सर्वांना नमस्कार."

"अहो, सभा आहे का ही?" लीनाताई म्हणाल्या. "गणपतभाऊ, लेकीशी बोला!"

मग काका पुढे वाकले. "बाय माझे, जेवलीस काय?" एवढे विचारले आणि पुढे बोलतच राहिले.

चित्र लख्ख दिसावे म्हणून साहेबांनी माझ्याकडून त्याची डीव्हीडी करून घेतली. चूक झाली ती इथेच. गावच्या घरी होता तो जुना प्लेअर, फक्त व्हिडिओ सीडी ओळखणारा. पहिल्या वर्षी काकांनीच तो इथून पाठवला होता. पण साहेबांनी विचारले नाही आणि काकांना दोन्ही चकत्या सारख्याच वाटल्या.

डीव्हीडी गावी पोचली. मग एका गुरुवारी काका पडेल चेहऱ्याने दारात उभे राहिले. "साहेब, माझ्या बायकोनं, द्वारकानं, अख्खी वाडी गोळा केली व्हती. टीव्ही निळा तो निळाच. पोर रडून झोपली."

दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी होती आणि शनिवारी सकाळी तुकाराम गावी निघणार होता. त्याच्या हाती सीडी गेली नाही, तर काकांच्या आधी गावी जाणारे दुसरे कुणीच नव्हते.

शुक्रवारी नाश्ता होताच काम सुरू झाले. साहेब कुरकुरले, "साध्या सीडीत चेहरा धुरकट होईल हो."

"धुरकट चालंल, साहेब. पन दिसाया हवा."

ऑगस्टचे ऊन होते. एसी चालू असूनही माझे डोके तापले आणि काम अर्ध्यावर आले असताना मी बंद पडलो. मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती! लीनाताईंनी माझी एक बाजू उघडली, पडदे ओढले आणि टेबलफॅन थेट माझ्या पोटावर लावला. "आता याला कुणी हात लावायचा नाही," त्यांनी बजावले. मी पहिल्यापासून सुरुवात केली. काकांचा चहा तसाच गार झाला.

संध्याकाळी मी सीडी बाहेर दिली. चेहरा खरोखरच धुरकट होता. आवाज मात्र स्वच्छ होता: "बाय माझे, जेवलीस काय?" तुकारामने सीडी आपल्या नव्या सदऱ्यात गुंडाळली.

सुट्टीहून परतल्यावर गणपतकाका कोकमे घेऊन आले.

"ओळखलं का हो लेकीनं?" लीनाताईंनी दारातच विचारले.

"काय सांगू वहिनी! मी दारात उभा. पोर माझ्याकडं बघते, टीव्हीकडं बघते. मंग टीव्हीच्या मागं जाऊन वाकून बघून आली. आणि आईला हाक मारून सांगते, 'आये, बाबा भायेर आला!'"

पुढे पेनड्राइव्ह आले, फोनवर चेहरे दिसू लागले. सीडीसाठी माझ्याकडे कुणी येईना. एक दिवस माझ्यावर चादर पडली. माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातही अशा सीडी कुठल्या तरी खणात पडल्या असतील. त्यांच्यावर ओरखडे येतात, वरचा मुलामा उडतो आणि त्या वाचणारी यंत्रेही आता कमी होत चालली आहेत. आईबाबांना विचारा, त्या पुसून घ्या, आणि जाणत्या माणसाकडून त्यांतले चित्रण आजच्या यंत्रांवर उतरवून घ्या. त्यांतल्या एखादीत कुणाचा तरी बाबा अजून आत बसला असेल. त्याला बाहेर येऊ द्या.