उलटा पीळ

माझी सीमा जितायची आन पोरं ते मोजायचीच न्हाईत. सगळं भांडण इथून सुरू झालं.

दोन हजार सहा साल व्हतं. टीव्हीवर भवऱ्यांच्या कुस्त्या लागायच्या आन अख्ख्या आखाडा बाळापुरातली लेकरं त्या पायी खुळी झाली व्हती. हा भवरा आपला लाकडी नव्हं. प्लास्टिकचा, भवती दातऱ्याचं लोखंडी कडं, वर शेंडी, बुडाला टोक. त्याच्या संगं एक लाँचर येतो, म्हंजी मूठ म्हणा. मुठीत दातऱ्याची लांब पट्टी घालायची, खसकन वढायची, की भवरा सुटतो. दोघांनी एका भांड्यात सोडायचे. ज्याचा आधी पडला, न्हाईतर भांड्याबाहेर गेला, तो हारला. आमच्या पोरांनी गिरणीमागं पडलेली हळद शिजवायची जुनी कढई धरली व्हती. जितला की गिरणीच्या भिंतीवर आपल्या नावाम्होरं कोळशानं एक रेघ वढायची.

आमी धनगर. माझा नवरा ज्ञानबा मेंढरामागं फिरतो, मी घरी टकळीवर लोकर कातते. सीमा तवा अकरा वर्साची. बाजारातून तिला भवरा घेतला, तर चौथ्या दिवशी पट्टी तुटली. मी दुकानदाराकडं गेले. तो म्हणला, "पट्टी सुटी येत न्हाई, बाई. नवा डबा घ्या."

म्या म्हणलं, "चपलीचा अंगठा तुटला तर माणूस पाय नवा घेतो का?"

तो हसला. पट्टी काय दिली न्हाई.

पोरगी दोन दिवस नीट जेवली न्हाई. रडली असती तर म्या दोन धपाटे घातले असते आन मोकळी झाले असते. पण ही गप. गप लेकराचं काय करावं ते मला कळत न्हाई. शेवटी म्या काळ्या लोकरीची बारीक दोरी वळली आन बांबूच्या नळीचा टीचभर तुकडा कापला. भवऱ्याच्या शेंडीला दोरीचे येढे द्यायचे, शेंडीचं टोक नळीत धरायचं आन दोरी वढायची. सुतळी सरकती, लोकर धरून ठेवती. पहिल्याच वढीला भवरा असा गरगरला की आमची शेळी दावं तोडून पळाली.

मग सीमा कढईवर गेली आन एकेकाला पाडत सुटली. पण रेघ काही तिच्या नावाची वढंना कोणी. "दोरीचं मोजत न्हाई," पोरं म्हणली, "कंपनीचं न्हाई ते."

कोळसा प्रज्ञेशच्या हातात असायचा. रत्नपाल सरांचा पोरगा. पोरगं वाईट न्हाई, मला काकू काकू म्हणतं. पण शाळामास्तरचं लेकरू, नियमाबिगर पाणी पिणार न्हाई. म्या जाऊन त्याला धरलं.

"काहून रे, तुझा भवरा माझ्या पोरीनं पाडला का न्हाई?"

"पाडला, काकू."

"मग वढ की रेघ."

"नियम म्हंजी नियम, काकू. लाँचर कंपनीचाच पाह्यजे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चार शब्द बोलणार तर सीमानंच माझा पदर वढला. "चल आई," म्हणली, "मला भांडून नको."

त्या दिवसापासून रोज जायची, रोज जितून यायची, आन दारात पाय धुताना भिंतीकडं तोंड करून बसायची. मला आतून तुटायचं. आपल्या हातचं कातलेलं, वळलेलं कोणी माल म्हणत न्हाई, ते मला सवयीचं. पण लेकराचं जितणंसुदिक लोकं जितणं म्हणंनात, हे काही मला गिळवंना.

दिवाळी झाली आन खबर आली. वसमतच्या एका मंगल कार्यालयात भवऱ्यांची मोठी स्पर्धा हाय. सीमा म्हणली, "तिथं जितलं की माईकवर नाव घेतात, आई. माईकवरचं मोजावंच लागंल."

ज्ञानबा म्हणला, "हारली तर?"

म्या म्हणलं, "हारली तर हारली. हारलेलं तरी मोजतील ना."

सकाळच्या यष्टीनं गेलो. कार्यालयात ही गर्दी. म्होरं स्टेजवर निळं प्लास्टिकचं भांडं मांडलेलं, खाली अजून चार. स्पर्धा भरवणारा बाबूसिंग नावाचा खेळण्याचा व्यापारी, गळ्यात शिट्टी, हातात माईक. खालच्या भांड्यांवर त्याच्या दुकानातली पोरं पंच म्हणून शिट्ट्या मारून राहिली व्हती. दोरी हाय का पट्टी, कोणी बघंना. सीमानं तीन डाव मारले. दुपारी दोनला बाबूसिंगनं पुकारलं, फायनल: प्रज्ञेश आन सीमा, दोघं बी आखाडा बाळापूर. मला हसावं का रडावं कळंना. एवढ्या लांब येऊन गाठ पुन्हा त्याच कोळसेवाल्याशी.

सीमा स्टेजवर चढली, नळी काढली, दोरीचे येढे द्यायला लागली. फोटोवाला म्होरं आला आन बाबूसिंगचं लक्ष गेलं.

"अरे ये क्या है? बेटा, ये नहीं चलेगा. फोटो कंपनीला जाणार. सामान फक्त कंपनीचं, नियम हाय." आन त्यानं दोरी, नळी दोन्ही उचलून खिशात घातली.

मी खुर्चीवरून उठले ते सरळ स्टेजखाली. "तीन डाव झाले तवा तुमचे डोळे बाजारला गेले व्हते का?"

"बाई, नियम..."

"नियम सांगता? जन्मात कधी भवरा सोडला का? उंटावरून शेळ्या हाकता निस्ते."

लोकं हसली. बाबूसिंग लाल झाला, पण दोरी काय खिशातून काढली न्हाई. सीमाचा चेहरा एवढुसा झाला. मला वाटलं, संपलं. इथं बी न्हाई मोजणार.

तवा प्रज्ञेशनं आपल्या पिशवीतून दुसरा लाँचर काढला आन तिच्याम्होरं धरला. "हा घे. कंपनीचाच हाय." मला त्या पोराचा राग यावा का माया यावी, तेच सुधरंना.

तीन डावांची फायनल. दोन जितंल तो पहिला. सीमानं लाँचर घेतला, पण तिच्या हाताला सवय दोरीची. तिनं दोरीच्या हिशोबानं पट्टी वढली आन भवरा टुणकन उडून भांड्याबाहेर, पार फोटोवाल्याच्या पायात. पहिला डाव प्रज्ञेशचा. लोकं टाळ्या वाजवून राहिली व्हती आन माझी पोरगी हातातल्या लाँचरकडं बघत उभी.

मग तिनं तो लाँचर प्रज्ञेशला माघारी दिला. बाबूसिंगला म्हणली, "हातानं चालतं का?"

"हातानं? नुसत्या?"

"नुसत्या."

बाबूसिंगनं नियमांचा कागद काढला, उलटापालटा केला. त्याला काही गवसंना. तवा पहिल्या रांगेतून रत्नपाल सर उठले. म्या मनात म्हणलं, आता हा बाप पोराच्या बाजूनं बोलणार. सरांनी कागद घेतला, चष्मा वर केला, पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत शांतपणी वाचला. "सामान कंपनीचंच असावं, असं लिहिलंय," सर म्हणले, "सामान घेतलंच पाहिजे, असं कुठंच नाही. मुलगी बरोबर आहे."

मी सरांच्या पायाच पडले असते.

पण हाताची फिरकी ती केवढी. पट्टीचा भवरा गिरणीच्या पट्ट्यावाणी सुटतो, बोटांचा भवरा त्याच्याम्होरं म्हातारा. तेवढ्यात मला खालच्या भांड्यांवरचे पट्टीवाल्यांचे डाव आठवले. तिथं दोन्ही भवरे एकाच अंगाला फिरत व्हते, म्हणून भिडले की दातऱ्यावर दातरी आपटून एकमेकाला फेकत व्हते. आन कंपनीचा लाँचर भवऱ्याला फिरवतो ते उजव्याच अंगाला. त्याला दुसरं येतच न्हाई.

आता लोकरीचं बघा. एकेरी धागा कातताना टकळीला उजवा पीळ द्यावा लागतो. पण दोन धागे जोडून दोरी करायची तर उलटा पीळ, डावा, न्हाईतर दोरी उकलती. सीमा पाच वर्साची असल्यापासून माझ्याजवळ बसून दोन्ही पीळ देती. किती रडायची त्या टकळीपायी, किती म्या रागं भरले तिला.

म्या खालून हाक मारली, "सीमे, उलटा पीळ दे."

तिनं माझ्याकडं पाह्यलं. समजली. शेंडी अंगठ्यात आन दोन बोटांत धरली, हात पार भांड्याच्या मधोमध खाली नेला. शिट्टी झाली. प्रज्ञेशनं पट्टी वढली, सीमानं चुटकी दिली. तिचा भवरा जाग्यावर सरळ उभा, हळू. त्याचा भवरा भणाणत आला आन भिडला.

फेकलं न्हाई. रसवंतीच्या चरकात एक रूळ फिरला की त्याच्या रेट्यानं दुसरा उलट्या अंगाला फिरतो, तसं झालं. प्रज्ञेशचा भवरा यायचा, घासून जायचा, आन दर खेपंला सीमाचा जरा जोरात फिरायचा, त्याचा जरा हळू. त्याचीच ताकद तो हिला देऊन राहिला व्हता. जरा येळानं तो डुलायला लागला आन आडवा झाला. सीमाचा उभाच व्हता. कार्यालयात असा गोंधळ उठला की बाबूसिंगची शिट्टी कोणाला ऐकू जाईना. मी शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली, तिनं बी मारली.

तिसरा डाव. प्रज्ञेश हुशार, त्याच्या ध्यानात आलं. त्यानं या बारीला पट्टी जपून वढली, भवरा कडंकडंनं फिरवत ठेवला, भिडूच दिला न्हाई. सीमाचा मधी एकटा, आपल्याच ताकदीवर. कडंचा भवरा जोर कमी झाला तसा खाली घसरत घसरत मधी आला, आन शेवटी भिडावंच लागलं. एकदा घासला, दोनदा घासला. मग दोन्ही बी डुलायला लागले, एकमेकाला टेकून. दोन्ही संगंच पडल्यावाणी झाले.

बाबूसिंगनं माईक तोंडाजवळ नेला. "बराबर! दोनों बराबर. डाव पुन्हा."

माझ्या तोंडात शिवी आली व्हती, खोटं कशाला बोलू. पण माझ्याआधी प्रज्ञेश बोलला. त्याचं तोंड भांड्यावर वाकलेलं, त्यानं सगळं जवळून पाह्यलेलं.

"न्हाई शेठ. माझा आधी टेकला. तिचा त्याच्यानंतर अर्धा येढा फिरला. ती जितली."

"पक्का?"

"पक्का. मोजा."

बाबूसिंगनं एकदा पोराकडं पाह्यलं, एकदा सरांकडं. सरांनी मान हलवली. आन मग माईकवर, अख्ख्या कार्यालयाला, बाहेरच्या रसवंतीवाल्यापर्यंत ऐकू जाईल असं नाव आलं: "पहिला नंबर, सीमा ज्ञानबा, आखाडा बाळापूर." मला रडू आवरंना. म्या आवरलं बी न्हाई. स्टेजवर चढले, बाबूसिंगच्या हातातला कप माझ्याच हातात आला, मी तो सीमाला दिला, तिनं पुन्हा मला दिला. फोटोत आमी दोघी एका कपासाठी भांडत असल्यावाणी दिसतो.

खाली उतरताना प्रज्ञेश वाटंत उभा व्हता. डोळे वले, पण उभा ताठ. म्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

तो सीमाला म्हणला, "गावात गेलो की गिरणीवर तुझ्या पण रेघा वढतो. मागच्या सगळ्या. पण किती झाल्या ते आता कसं कळणार?"

"सव्वीस," सीमा म्हणली. विचार करायला थांबली बी न्हाई.