परक्या नवऱ्यामुलींच्या वस्तू

सुलेखाने मेणाच्या फुलांचा मुकुट मऊ कागदात गुंडाळला, खोक्यात ठेवला आणि वर लेबल चिकटवलं : ‘एडिथ, १८७१’. कंबर इतकी भरून आली होती की उठायचं म्हटलं तरी भिंतीचा आधार लागत होता.

उद्या सामान नेणारे येणार होते. हरीशची बँकेतली सहा वर्षांची जपानमधली बदली संपली होती. सहा वर्षं तो ऑफिसचाच होता. रविवारही झोपेत जायचा. मग सुलेखा एकटीच घराजवळच्या ग्योतोकु स्टेशनवरून गाडी पकडून टोकियोतल्या देवळाच्या आवारात भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारात जायची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रज नवऱ्यामुलींचे हातमोजे, रुपेरी अक्षरांच्या पत्रिका, केकच्या डब्या तिने तिथेच जमवल्या. सुरुवातीला हरीश म्हणायचा, “घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.” पुढे त्याने थट्टा करणंही सोडलं.

काल तिनेच त्याला सांगितलं होतं, लेबल असेल ते मुंबईला, नसेल ते कचऱ्यात. एकेक वस्तू समजावत बसायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

हरीश खालून आला, हात धुऊन पुसत उभा राहिला.

“जाळायचा कचरा टाकून आलो. कचऱ्याची गाडी गेलीसुद्धा.”

“कपाटावरची खणाची पिशवी कुठे ठेवलीत?”

“तीही गेली. लेबल नव्हतं.”

सुलेखा भिंतीला धरून उठली. सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्यांच्या मुंडावळ्या होत्या त्या पिशवीत, आणि सप्तपदीतली एक सुपारी. आपल्याच वस्तूला कुणी लेबल लावतं का?

“उघडून नाही पाहिलीत?”

“पाहिली.”

“आणि तरी टाकलीत?”

“म्हटलं, तू ठरवलं असशील.”

“अहो, मला विचारायचं तरी!”

“आलो होतो की दारापर्यंत. तू पाठमोरी होतीस, गुंडाळत होतीस काहीतरी. किती जपून!”

तिला त्याचा राग यायला हवा होता. पण तिला स्वतःचीच लाज वाटली. हरीश कोरडे झालेले हात पुन्हा पुन्हा पुसत होता.

“मग हाक का नाही मारलीत?”

“मारली असती गं,” तो म्हणाला. “पण तू ‘टाका’ म्हणाली असतीस तर?”