चादरीचं दुसरं टोक

"आता ती चादर डोक्यावरून घ्या बघू. भुतासारखी. फक्त तोंड बाहेर राहू दे."

मुकादमांनी चादर डोक्यावरून घेतली आणि तोंड बाहेर काढलं. फोटोवाल्या बाईंनी त्यांच्या खिशाला रंगीत चिमटे लावले होते, पायाशी साबणाचे फुगे सोडले होते आणि मळक्या कपड्यांच्या गाड्या बाहेर ढकलून मागची भिंत मोकळी करून घेतली होती.

"हसा ना थोडं."

मुकादम ओठ मिटून हसले. "सांगाल तसं करतो," ते म्हणाले. "फक्त इस्त्रीचा रोलर चालू राहिलाय, तेवढा बंद करून येऊ का?"

हॉस्पिटलच्या तळघरातल्या त्या धुलाईखान्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. मिसरूड फुटलं तेव्हा लागले, ते केस पिकले तरी तिथेच. महिनाअखेरीला धुलाईखाना बंद व्हायचा होता. चादरी यापुढे बाहेरच्या कंपनीत धुवायला जाणार होत्या. नव्या इमारतीच्या पॅसेजमध्ये लावण्यासाठी हॉस्पिटलला कर्मचाऱ्यांचे फोटो हवे होते. आपापल्या कामाच्या जागी काढलेले, पण खेळकर. पासपोर्ट फोटोंमध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या बाईंना असं काम पहिल्यांदाच मिळालं होतं आणि त्या हरखून गेल्या होत्या.

संध्याकाळी त्यांनी फोटो आईला दाखवले. आईने चष्मा वर सरकवून स्क्रीनकडे पाहिलं.

"हा माणूस कुणाचं ऐकतोय?"

"माझं."

"तेच दिसतंय. बिचाऱ्याला हसायचं काम लावून दिलंय कुणीतरी."

बाईंना राग आला. तो ओसरल्यावर त्यांनी फोटो पुन्हा पाहिले. चिमटे त्यांचे होते, फुगे त्यांचे होते, गंमतही त्यांचीच होती. मुकादमांच्या वाट्याला नुसतं उभं राहणं आलं होतं. मोकळ्या भिंतीपुढचा तो माणूस धुलाईखान्यातला आहे की पोस्टातला, हेही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या परत तळघरात उतरल्या.

"बिघडले का फोटो?" मुकादमांनी विचारलं.

"बिघडले. माझ्यामुळे. आज नुसती बसू का इथे?"

"बसा की. पण त्या गाडीला टेकू नका, चाकं पळतात तिची."

बाई पालथ्या बादलीवर बसल्या. मुकादम आणि इस्त्रीवाला समोरासमोर उभे राहून चादरींच्या घड्या घालत होते. इस्त्रीवाल्याची टोकं दरवेळी खालीवर व्हायची.

"याचं चित्तच थाऱ्यावर नसतं," मुकादम म्हणाले. "आमच्या हिच्यापुढे असं चाललं नसतं."

"वहिनी इथे कामाला होत्या?"

"समोरच्या टोकाला तीच असायची. महाखोडकर बाई. मी बोलण्यात गुंतलो की चादरीला हिसका द्यायची. ज्याच्या हातून चादर सुटेल त्याने सगळ्यांना चहा आणायचा. या तळघराला आजवर चहा मीच पाजलाय."

"तुम्ही कधीच जिंकला नाहीत?"

"जिंकलो ना. ती सर्दीने बेजार असायची तेव्हा."

इस्त्रीवाला हसला. मुकादम मात्र हातातली घडी उगाचच सारखी करत राहिले.

"आता नजर गेली तिची. उजेड-अंधार कळतो, तेवढंच. घरी असते."

"त्यांना आणायचं का इथे?"

"जिना अवघड आहे हो. आणि इथे येऊन ती करणार काय?"

"ते त्यांनाच विचारा ना."

दोन दिवसांनी सकाळी ती आली. ठेवणीतले कपडे घालून, नवऱ्याचा दंड धरून, एकेक पायरी चाचपत. शेवटच्या पायरीवर थांबून तिने खोल श्वास घेतला.

"साबण बदललात वाटतं," ती म्हणाली. "आधीचाच बरा होता."

बाईंनी यावेळी कशालाच हात लावला नाही. गाड्या होत्या तिथेच राहिल्या. वरच्या झरोक्यातून आलेलं ऊन वाफेत पसरलं होतं आणि मुकादमांनी चादर उलगडली की तिच्यातून आरपार यायचं. बाई मुकादमांच्या बायकोच्या खांद्यामागे कॅमेरा घेऊन उभ्या राहिल्या.

सुरुवातीचे फोटो वाया गेले. मुकादम कवायतीला उभे राहिल्यासारखे घड्या घालत होते.

"अहो, श्वास घेताय ना?" तिने विचारलं.

बाई म्हणाल्या, "माझ्याकडे लक्ष देऊ नका. एवढा ढीग पडलाय, तो तुम्ही उरका."

मग दोघं कामाला लागली. तिच्या हातांना डोळ्यांची गरज नव्हती. टोक टोकाला भिडायचं, ती दोन पावलं पुढे यायची, घडी त्यांच्या हातात द्यायची आणि परत मागे जायची. ढीग कमी होत गेला. तिने इस्त्रीवाल्याच्या मुलीची चौकशी केली.

"अगं, तिला नोकरी लागली," मुकादम सांगू लागले. "चांगली लांब लागली, पण पोरगी म्हणते..."

हिसका बसला. चादर त्यांच्या हातांतून सुटून हवेत गेली. रिकामे हात तसेच पुढे, तोंड सताड उघडं, दोन दातांमधली लपवायची फट उघड्यावर पडलेली. आणि नजर थेट बायकोवर. आपण पुन्हा फसलो याचा एवढा आनंद, की तो त्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"चहा," ती शांतपणे म्हणाली.

तोवर बाईंनी बटण दाबलं होतं. त्यांनी स्क्रीनवर पाहिलं. गाड्या, वाफ, तरंगणारी चादर, कोपऱ्यात तिचं जेमतेम कोपर. आधी नको वाटलेलं सगळं फोटोत होतं आणि त्यातलं काहीच काढून टाकता आलं नसतं.

"आला का काही?" मुकादमांनी विचारलं.

"आला. तुमचे आभार कसे मानू, सुचत नाहीये मला."

"आभार तुमचे. कुलूप लागायच्या आधी हिचं इथे येणं झालं. मला मेल्याला ते सुचलंच नसतं."

आणि ते चहा आणायला जिना चढून गेले.

महिनाअखेरीला धुलाईखान्यातली यंत्रं निघाली. पुढे तळघराला पांढरा रंग लागला आणि तिथे जुन्या खुर्च्या येऊन पडल्या. फोटो पॅसेजमध्ये लागले तेव्हा मुकादम बायकोला घेऊन आले. बाई थोड्या अंतरावर थांबल्या होत्या.

"कसा आलाय?" तिने विचारलं.

मुकादम फोटोच्या जवळ सरकले.

"डावीकडून सांगू का?"

"सांगा. सावकाश सांगा."

"वर झरोका आहे. काच पुसलेली नाहीये."

"कधी होती?"

"खाली गाड्या. चाकं पळणारी पुढे आहे. मग रोलर. झाकण अर्धं उघडं आहे त्याचं..."

मागून स्ट्रेचर आलं. वॉर्डबॉय क्षणभर थांबला, मग आवाज न देता स्ट्रेचर भिंतीच्या कडेकडेने वळवून पुढे घेऊन गेला.

"हं," ती म्हणाली. "रोलरच्या पुढे काय?"