सुशीलाबाई ओरडल्या नाहीत

बोरसी गावातल्या मंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. अग्निबाबाने लालभडक चिमटा सुशीलाबाईंच्या डाव्या पोटरीवर दाबला. कातडी चरचरली, जळका वास सुटला, पण बाई ओरडल्या नाहीत.

"देखो, गाँठ जल गई, दर्द भाग गया," बाबा गरजला.

बाबाच्या पायांवर सगळ्यांत आधी आडवे पडले ते बाईंचे यजमान, श्यामराव. उभा जन्म कारखान्याच्या भट्टीपुढे गेलेला. लोखंडाच्या रंगावरून ताप सांगणारा माणूस. चिमटा खरा तापलाय, ही ग्वाहीही त्यांचीच. असल्या लोखंडाने पैलवानही किंचाळतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ते फसले. बाईंच्या कण्यालगत नसेवर कर्करोगाची गाठ होती. रायपूरला ऑपरेशन ठरलं होतं, पण पाठीला सुरी लागली की माणूस लुळा पडतो, हे भूत श्यामरावांच्या मानगुटीवर बसलेलं, म्हणून त्यांनी बाईंना बाबाकडे आणलं होतं.

त्यांची भाची प्रणिता डॉक्टर होती. ती धावत आली तेव्हा चेल्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. फुटल्या ओठानेच ती मामीजवळ पोचली, पदराने मामीचे डोळे झाकले आणि डाव्या पोटरीत नखं रुतवली.

"मामी, काही कळून राहिलं?"

"नाही व."

मग उजवीत रुतवली.

"आई गं, कावून बोचकारतं मले?"

"पाहा मामा. गाठीनं नस दाबली, पाय बधिर झाला. म्हणून मामीले कळलं नाही. कातडी तर जळूनच राहिली."

श्यामरावांनी वाकून पाहिलं. पोटरीचं मांस उघडं पडलं होतं.

"शक करोगे तो बाई मरेगी," म्हणत बाबाने पुन्हा चिमटा उचलला. श्यामरावांनी त्याचं मनगट पिरगाळलं. झटापटीत चिमटा बाबाच्याच मांडीवर बसला आणि तो गुरासारखा हंबरला.

"तुले बरं दुखलं बुवा," श्यामराव म्हणाले.

मग भक्तांनीच बाबाला खुर्च्यांनी झोडपलं. प्रणिता मध्ये पडली म्हणून तो जिवंत पोलिसांच्या हाती लागला.

भाजल्याची जखम चिघळली, ऑपरेशन लांबलं. तोवर गाठ शेजारच्या नसेत शिरली. सर्जनने गाठ काढली, पण तिच्यासोबत ती नसही कापावी लागली. बाई वाचल्या, पाऊल मात्र आता उचलत नाही, पट्टा बांधून चालतात. या पावलाचा हिशेब कोणत्या देवाकडे मागायचा?

तेव्हा भावांनो, दुखणं थांबलं म्हणून नारळ फोडू नका. आधी तिथे टोचून पाहा. काहीच कळलं नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.