फक्त ओहोटीचे फोटो

माझी बायको उपग्रहाने काढलेले फोटो तपासायची नोकरी करते. आईने तीस वर्षं खाडीतले खेकडे पकडले. मी शिंपी. या दोघींच्या मध्ये बसून मी पँट आखूड करतो आणि शक्यतो तोंड बंद ठेवतो.

बायकोचं खातं किनाऱ्यावरच्या खारफुटीवर नजर ठेवतं, तीही आकाशातून. दर काही दिवसांनी नवा फोटो येतो. आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही त्यात टिपलेला असतो, म्हणून धडधाकट झाडी लालभडक दिसते. त्या वर्षी किनारी रस्त्यामागच्या एका तुकड्याचा लाल रंग फिका पडायला लागला. तिने साहेबांना दाखवलं.

"भरतीचं पाणी आलं असेल फोटोत," साहेब म्हणाले. "पाणी चढलं की रंग उतरतोच."

मुद्दा खोटा नव्हता, म्हणून ती वाद घालत बसली नाही. सहा वर्षांचे फोटो काढले, एकेकाची वेळ भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहिली आणि फक्त ओहोटीचे तेवढे ठेवले. तीन आठवडे तिचं घरात लक्ष नव्हतं. एकदा चहात मीठ पडलं, तो मी मुकाट्याने प्यायलो. एवढं करूनही फिकेपणा उरलाच. आणि त्याची सुरुवात झाली होती नेमकी रस्ता रुंद केला त्या महिन्यात.

रविवारी ती प्रत्यक्ष बघायला निघाली. "मीही येते," आई म्हणाली. मातीच्या नमुन्यांच्या बाटल्या उचलायला अर्थात मी.

जाऊन बघतो तर झाडं हिरवीगार. मला हसूच आलं. "अगं, ही तर तुझ्यामाझ्यापेक्षा ठणठणीत आहेत!"

बायकोचा चेहरा पडला. आईने मात्र चपला काढल्या आणि सरळ चिखलात उतरली. गुडघे दुखतात म्हणून ही बाई घराचा जिना चढत नाही! दहा-बारा पावलांवर थांबून ती वाकली.

"सूनबाई, इथे खेकड्याचं एकसुद्धा बीळ नाही."

"म्हणजे काय, आई?"

"म्हणजे चिखल मेलाय. बिळं असली की पाणी आत-बाहेर खेळतं, मुळांना हवा मिळते. हे पाणी कधीचं तुंबलंय." तिने बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. "यापेक्षा समुद्र गोड!"

बायकोने खारटपणा मोजायचं यंत्र बुडवलं. आकडा समुद्राच्या जवळजवळ दुप्पट. उन्हाने पाणी आटत होतं, मीठ मागे राहत होतं. मग दोघी रस्त्याच्या कडेकडेने शोधत गेल्या. रस्त्याखाली एक मोरी होती, भरती तिच्यातूनच आत यायची. तिच्या तोंडावर बांधकामाच्या राडारोड्याचा ढीग पडला होता. कुणी मुद्दाम टाकला नसेल, पण वळून कुणी पाहिलंही नव्हतं.

साहेब दुसऱ्या दिवशी स्वतः आले, बुटांसकट घोट्यापर्यंत रुतले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझं चुकलं." मला माणूस आवडला. तरी कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्यात दोन महिने गेलेच. तेवढ्यात एक अख्खी रांग वाळून गेली. मोरी मोकळी झाल्यावर मात्र भरती आत शिरली, आणि पुढच्या वर्षीच्या फोटोत लाल रंग हळूहळू परत दाटला.

तो फोटो दाखवायला बायको आईला कार्यालयात घेऊन गेली. मी डबा द्यायला म्हणून मागोमाग. कुणी काही समजावायच्या आत आईने पडद्यावर बोट ठेवलं. "हे खाडीचं वळण. इथे माझी होडी उलटली होती." मग तिचं बोट रस्त्यामागच्या लाल तुकड्यावर सरकलं.

"झाड आम्हाला हिरवं दिसत होतं," ती म्हणाली, "आणि तुला इतक्या लांबून त्याचं दुखणं कळलं?"

आईने कुणाची तारीफ केलेली मला आठवत नाही, पोटच्या पोराचीसुद्धा नाही. बायकोने आपली खुर्ची आईला दिली आणि मागे उभी राहून पुढचा फोटो उघडला.